गोदाश्री कॉलनीची प्रवासगणना

गोदाश्री कॉलनीला शहर बस हवी, यावर कॉलनीत कधीच मतभेद नव्हते. मतभेद होते ते बस मागायला कोणी जायचं यावर. शेवटी ती जबाबदारी धोंडीराम आहेर यांच्याकडे आली. 'नाही नाही, दुसऱ्या कोणाला तरी द्या' असं म्हणत त्यांनी ती इतक्या झटकन स्वीकारली, की त्यांचं नाव सुचवायलाही कोणाला वेळ मिळाला नाही.

आहेर सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे देवळ्याकडचे. सगळे त्यांना आहेरसाहेब म्हणत. 'धोंडीराम' हे नाव आधार कार्डावर आणि गावाकडच्या लग्नपत्रिकांत तेवढं उरलं होतं. आयुष्यभर त्यांनी विहिरी, पंप, गुरं आणि कांद्याखालचं क्षेत्र मोजलं. कोंबड्या मोजणं सर्वांत अवघड, असं ते सांगत, कारण कोंबडी एका जागी उभी राहत नाही. माणसांबद्दल त्यांची तशी काही तक्रार नव्हती. ती पुढे झाली.

कॉलनी मखमलाबादच्या पुढे. एका बाजूला रो-हाऊसच्या रांगा, दुसऱ्या बाजूला मेथी, शेपू आणि झेंडूचे मळे. बस मिळते ती फाट्यावर. हा फाटा धडधाकट माणसाच्या मते पाच मिनिटांवर आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या मते वाटेतल्या मोरीवर दोनदा टेकावं लागतं इतक्या अंतरावर. आहेरांच्या पत्नी दीपमालाबाई दुसऱ्या प्रकारात मोडत.

आणि खरं सांगायचं तर बसचं सगळं प्रकरण या दुसऱ्या प्रकारासाठी होतं. दीपमालाबाईंची थोरली बहीण चंद्रभागाअक्का देवळाली कॅम्पात राहायची. अक्का आता घराबाहेर पडू शकत नव्हती. पूर्वी आहेर दर गुरुवारी बाईंना स्कूटरवर घालून कॅम्पात नेत. मग त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मुलाने पुण्याहून फोन करून स्कूटर विकायला लावली आणि गुरुवार संपले. रिक्षावाले कॉलनीत यायला तयार नसत. आले तर येतानाच तोंड वाकडं करून येत. 'जाऊ दे हो, फोनवर बोलते ना मी,' असं दीपमालाबाई म्हणत. फोन झाल्यावर बराच वेळ त्या तो तसाच हातात धरून बसत, हे आहेरांनी पाहिलं होतं. हे सगळं त्यांना फार लागत असे. पण 'मी तुझ्यासाठी बस आणतोय' असं बायकोला सांगण्याची पद्धत त्यांच्या पिढीत नव्हती. त्यामुळे ते 'सार्वजनिक हितासाठी' म्हणत राहिले.

बसच्या कार्यालयातले साहेब सज्जन होते. त्यांनी अर्ज वाचला, चहा मागवला आणि म्हणाले, "पूर्वी सह्यांचं निवेदन चालायचं, आहेरसाहेब. आता डेटा लागतो."

दुसरा कोणी असता तर इथेच खचला असता. आहेरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

साहेबांनी त्यांची गाठ निकिता मॅडमशी घालून दिली. ही शहराच्या वाहतुकीचं नियोजन करणाऱ्या एका संस्थेतली तरुण मुलगी, सटाण्याकडची, बोलायला गोड आणि कामात चोख. तिने टॅबवर नाशिकचा नकाशा उघडला. "सर, कोण कुठून कुठे जातं, कशाने जातं आणि कशासाठी जातं, एवढं आठवडाभर कळलं की नकाशावर रेघा उमटतात. जिथे रेघ जाड, तिथे बस. आमची माणसं संध्याकाळी घरोघरी येऊन विचारतील, आज दिवसभरात कुठे कुठे गेलात म्हणून."

"संध्याकाळी?" आहेर म्हणाले. "मॅडम, संध्याकाळी माणूस सकाळचं विसरतो. सासू समोर बसलेली असली तर मुद्दाम विसरतो. माहिती घ्यायची तर घटनास्थळी. माणूस फाटकातून बाहेर पडतानाच त्याला विचारलं पाहिजे. हे काम मी स्वतः करीन."

निकिता जरा घुटमळली. पण एवढ्या अनुभवी माणसाला नाही कसं म्हणायचं, असा तिला प्रश्न पडला असावा. तिने टॅब दिला, रकाने समजावले. प्रवासाचा हेतू या रकान्यात नोकरी, शिक्षण, खरेदी, दवाखाना आणि इतर असे पर्याय होते. आहेरांनी तिथल्या तिथे हरकत घेतली, की बारसं, दहावा, डोहाळजेवण, मुलगी बघणं, रुसलेल्या व्याह्याला मनवणं हे सगळं 'इतर'मध्ये कोंबलं तर आपल्या लोकांच्या निम्म्या आयुष्याला रकानाच उरत नाही. निकिताने ही सूचना वर कळवते म्हणून सांगितलं. वर म्हणजे कुठे, हे आहेरांनी सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे विचारलं नाही.

तयारी सुरू झाली. शेजारचे चिमाजी गायधनी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले होते, आणि कोणत्याही कामात आधी जागा ताब्यात घ्यावी असं त्यांचं मत होतं. त्यांनी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली टेबल मांडलं, त्यावर चादर अंथरली आणि आहेरांना एक शिट्टी दिली. शिट्टी कशाला, असं विचारल्यावर ते म्हणाले, "असू द्या. लागली तर जवळ असलेली बरी." आहेरांनी व्याख्या ठरवून घेतली. फाटक ओलांडलं की एक प्रवास. बाहेर जाताना एक, आत येताना एक. यात घोळ व्हायला जागाच नव्हती.

पहिल्या सकाळी पहिल्या आल्या त्या गोजराबाई. मळ्याच्या बाजूला त्यांचं घर. झेंडूचे क्रेट अ‍ॅपे रिक्षात लादून त्या रोज पंचवटीच्या बाजारात जात. पुढे चालवणारा मुलगा, मागे क्रेटवर हात ठेवून त्या. आहेर उठले, हात वर करून त्यांनी रिक्षा थांबवली, घसा साफ केला आणि सुस्पष्ट आवाजात विचारलं, "गोजराबाई, कुठे निघालात?"

गोजराबाईंचा चेहरा उतरला. त्या मुलाला म्हणाल्या, "फिरव माघारी."

"अहो, काय झालं?"

"सायेब, तुमी शिकले-सवरले माणूस. निघताना कुठं म्हणून इचारत्यात का? लय वाईट असतंय ते. आज माल तसाच माघारी आला म्हंजे?"

रिक्षा वळली. गोजराबाई घरी गेल्या, चपला काढून ओसरीवर बसल्या, घोटभर पाणी प्यायल्या, तोंडात गुळाचा खडा टाकला आणि नव्याने निघाल्या. फाटकात आहेर उभेच होते. व्याख्येप्रमाणे हा दुसरा प्रवास होता आणि प्रत्येक प्रवासाला विचारणं भाग होतं. त्यांनी तोंड उघडलेलं पाहताच गोजराबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मुलाने रिक्षा अशी पळवली, की झेंडूची काही फुलं आहेरांच्या टेबलावर येऊन पडली. दुरून पाहणाऱ्याला त्यांचा सत्कार झाला असंच वाटलं असतं.

आता हे आहेरांना माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी त्यांनीही 'कुठे' विचारून आजीच्या हातचा धपाटा खाल्लेला होता. पण सरकारी कागदावरचा प्रश्न हा सरकारी प्रश्न असतो, त्याला शकुन-अपशकुन लागत नाहीत, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत कॉलनीत त्यांच्या एकट्याचीच निघाली. बँकेत जाणारे परत फिरले. क्लासला जाणारी मुलं परत फिरली, आणि त्यांतली काही पुन्हा निघालीच नाहीत. अपशकुनाचा इतका मनापासून आदर करणारी पिढी आहेरांनी प्रथमच पाहिली. परीक्षेला निघालेल्या एका मुलीच्या आईने तर आहेरांना जे सुनावलं ते टॅबमध्ये भरायला रकाना नव्हता. सगळे घरी जात, पाणी पीत आणि पुन्हा निघत. आहेर नियमाप्रमाणे नोंदवत होते, बाहेर, आत, बाहेर. दुपारपर्यंत कॉलनीतली वर्दळ पाहून त्यांचे डोळे दिपले. एवढी हालचाल असलेल्या वस्तीला आजवर बस नाही, हा अन्यायच होता.

दुसऱ्या दिवशी मात्र फाटकातून चिटपाखरू बाहेर पडेना. आहेर वाट बघून कंटाळले. शेवटी पाय मोकळे करायला म्हणून कॉलनीच्या मागच्या बाजूला गेले, तर नाल्याकडच्या भिंतीला जे खिंडार आहे त्यातून अख्खी कॉलनी रांगेने बाहेर पडत होती. स्कूटर आडव्या करून काढल्या जात होत्या. रांगेत हेल्मेट घातलेले चिमाजी गायधनीही होते.

"गायधनी, तुम्हीसुद्धा?"

"मी पहारा बघायला आलो होतो," चिमाजी म्हणाले आणि हेल्मेटची काच खाली केली.

संध्याकाळी चिमाजींच्या ओट्यावर बैठक भरली. चिमाजींच्या मातोश्री नवसाबाई या विषयातल्या अखेरच्या अधिकारी व्यक्ती. त्यांना कमी ऐकू येई, पण नको ते बरोबर ऐकू येई. आहेरांनी मुद्दा मांडला, की बसमध्ये कंडक्टरही विचारतोच, कुठे म्हणून. तेव्हा कोणी बस थांबवून घरी पाणी प्यायला जात नाही.

"तवर माणूस निघालेला असतो ना रे बाबा," नवसाबाई म्हणाल्या. "उंबऱ्यापासून गाडीत बसेस्तवर निघणं असतं. गाडीत बसला की तो निघून झाला. मग त्याला काय पण इचार."

व्याख्येच्या बाबतीत ही म्हातारी आपल्यापेक्षा पक्की आहे, हे आहेरांना मनातल्या मनात मान्य करावं लागलं. तोडगाही नवसाबाईंनीच काढला. कुठे म्हणायचं नाही. 'लांबचा दौरा का?' असं विचारायचं. घरंदाज माणसं असंच विचारतात.

हा उपाय इतका लागू पडला, की लोक फाटकातून यायला लागले, हसायला लागले, थांबून उत्तरं देऊ लागले. घरंदाज प्रश्नाला घरंदाज उत्तर असतं. ते सगळ्यांनी एकसारखं दिलं.

"लांबचा दौरा का?"

"छे हो. हे काय, इथंच."

सातपूरला कारखान्यात जाणारा इथंच निघाला होता. सीबीएसवरून पुण्याची गाडी पकडायला बॅग घेऊन चाललेला गृहस्थही इथंच चालला होता. गोजराबाई क्रेटवर बसून लाजत म्हणाल्या, "हे काय, हितंच जाऊन येते." चिमाजींनी नाल्याकडच्या खिंडारावर उभं राहून ऐटीत हिंदीत विचारायला सुरुवात केली, कारण हिंदीला अपशकुन लागत नाही असा त्यांचा सैन्यातला अनुभव होता. त्यांना "इधरही" असं उत्तर मिळालं.

इथे आहेरांच्या जागी दुसरा कोणी असता, तर तो गोजराबाईंच्या नावापुढे पंचवटी लिहून मोकळा झाला असता. पण आहेर तत्त्वाचा माणूस. मला माहीत असणं हा पुरावा नव्हे. माहिती देणाऱ्याने जे सांगितलं तेच लिहायचं. याच तत्त्वापायी त्यांनी एकदा एका सरपंचाच्या कोंबड्या सरपंचाने सांगितल्या तेवढ्याच लिहिल्या होत्या, आणि त्याही बाकीच्या कोंबड्या पायाखाली येत असताना. टॅबवरच्या नकाशावर मुक्कामाच्या ठिकाणी बोट टेकवावं लागे. आहेर प्रत्येक वेळी फाटकाशेजारी बोट टेकवत गेले. दीपमालाबाई मधूनमधून डब्यातून पोहे घेऊन येत आणि टॅबमध्ये डोकावत. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, सगळे इथंच जातायत तर मग घरं रिकामी कशी?" आहेरांनी त्यांना कामात लुडबुड करू नका असं सौम्यपणे सांगितलं.

आठवडा संपला आणि आहेर इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात गेले. भिंतीवर नाशिकचा नकाशा उजळला. इतर वस्त्यांतून लांब लांब रेघा निघाल्या होत्या. अंबड, सातपूर, नाशिकरोड, भगूर. गोदाश्री कॉलनीतून रेघ निघालीच नव्हती. तिथे एक गोल, लाल, जाडजूड डाग होता, शाई सांडल्यासारखा.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आहेरसाहेब, आकडे फार बोलके आहेत. तुमचे लोक जिल्ह्यात सर्वांत जास्त बाहेर पडतात. पण फाटकापलीकडे जात नाहीत. फाटकापर्यंत येतात, परत जातात, पुन्हा येतात."

"पण साहेब, त्यात एक सामाजिक कारण आहे—"

"असणारच. ज्येष्ठ नागरिक जास्त दिसतात. यांना बसची गरज नाही, यांना बसायला जागा हवी. मी शिफारस करतो."

आकडे आहेरांनीच गोळा केले होते. उभ्या नोकरीत स्वतःच्या आकड्याला त्यांनी कधी खोटं म्हटलं नव्हतं. ते 'बरं' म्हणाले आणि उठले. जिना उतरताना त्यांना पहिल्यांदाच आपलं वय जाणवलं.

सरकारी कामाला वेळ लागतो असं जे म्हणतात त्यांनी गोदाश्री कॉलनीची बाकडी बघावीत. ती त्याच पंधरवड्यात आली. फाटकाशेजारी सिमेंटची बाकडी एकामागे एक अशी ओळीने बसवली गेली, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. कॉलनीने दुसऱ्याच दिवशी त्यांना 'आहेरसाहेबांची बस' असं नाव दिलं. संध्याकाळी लोक येऊन बसत, कोणी बसमध्ये थांबा विचारावा तसं मागच्याला विचारी, "निमाणी आलं का?" चिमाजी सर्वांत पुढच्या बाकावर बसून हाताने स्टिअरिंग फिरवत. आहेर फाटकातून जाताना सगळे एकदम सरकून जागा करून देत. यापेक्षा शिव्या बऱ्या असतात.

एकट्या दीपमालाबाईंनी थट्टा केली नाही. त्या म्हणाल्या, "बाकडी बरी आहेत हो. गुडघ्याला उंची अगदी बरोबर आहे." आणि मग रोज ऊन उतरल्यावर त्या तिथे बसून कॅम्पात फोन लावू लागल्या. आहेर गच्चीवरून बघत. समोर रस्ता, रस्त्याकडे तोंड करून त्या बसलेल्या, कानाला फोन, आणि कुठेही जाणारं वाहन नाही. कॉलनीच्या सगळ्या थट्टेने जेवढं लागलं नव्हतं तेवढं त्यांना हे दृश्य लागलं.

अशात एका दुपारी निकिता मॅडम घरी आली. कामाने नव्हे, तिला चैन पडत नव्हतं म्हणून.

"सर, एक गोष्ट कळत नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तुमच्याकडे प्रत्येक माणूस निघतो, फाटकावरून परत जातो, जरा वेळ घरात थांबतो आणि पुन्हा निघतो. असं मी कुठल्याच शहरात पाहिलं नाही. हे नक्की काय आहे?"

आहेरांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. पाणी, गूळ, खिंडार, लांबचा दौरा. निकिता हसेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती हसली नाही. कपाळाला हात लावून म्हणाली, "आमच्या घरी पण हेच. आजी ओरडायची. कॉलेजात गेले आणि विसरूनच गेले मी."

तोवर 'आहेरांकडे कोणी मुलगी आली आहे' ही बातमी दोन्ही रांगांत फिरली होती. आहेरांचा मुलगा लग्नाचा होता. त्यामुळे साखर मागायला, विरजण मागायला, आणि काहीच न सुचल्याने नुसत्याच अशा बायका येऊन बसल्या. गोजराबाई मेथीच्या जुड्या घेऊन आल्या. नवसाबाईंना चिमाजींनी खुर्चीसकट आणून ठेवलं. दीपमालाबाईंनी चहा दिला आणि कोणत्याही पाहुण्या मुलीला विचारतात तसं विचारलं, "आई सटाण्याला असते ना गं तुझी? कधी भेटलीस?"

निकिताचा कप मध्येच थांबला. "दिवाळीपासून नाही जमलं, काकू. सुट्टीच्या दिवशी जाऊन यायचं म्हटलं तर निम्मा दिवस गाड्या बदलण्यात जातो."

"मग नाहीच होत जाणं," दीपमालाबाई म्हणाल्या. "माझी बहीण इथे कॅम्पात आहे. इथे म्हणजे बघ, एकाच शहरात. होळीपासून तोंड बघितलं नाही तिचं. ती येऊ शकत नाही, मी जाऊ शकत नाही. आता ती फोनवर जास्त बोलतही नाही. नुसती हूं हूं करते."

आहेर खिडकीकडे बघू लागले. हे दुःख आपल्याला एकट्याला माहीत आहे आणि आपण ते फार सांभाळून ठेवलं आहे, असं ते समजत होते. बायकोने ते चहाबरोबर सगळ्यांसमोर मांडलं, इतक्या साध्या आवाजात. त्यांना वाईट वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

मग बांध फुटला. गोजराबाई म्हणाल्या, "माझी लेक सुरगाण्याला दिली. पेठनाक्यावर जीप भेटती, पण नाक्यावर जाऊ कशी? आमचा बाजार उरकतो तवा जीप निघून गेलेली असती. नातू चालाया लागला म्हन्त्यात. मी नाय पाह्यला आजून." कोणाची आई नाशिकरोडला होती, कोणाची मैत्रीण भगूरला. एकीने तर माहेर रविवार कारंजावर असल्याचं सांगितलं आणि तिथेही वर्ष झालं गेली नाही म्हणताना डोळ्याला पदर लावला. नवसाबाईंना भावाच्या हातची सुपारी खायची होती. तो हयात आहे की नाही हे चिमाजींनी त्यांना सांगितलं नव्हतं, तेव्हा ते घाईने पाणी आणायला आत गेले.

निकिताने केव्हा टॅब काढला ते कोणाला कळलं नाही. ती भराभर बोट टेकवत होती. कॅम्प, नाशिकरोड, पेठनाका, कारंजा. शेवटी तिने टॅब आहेरांपुढे धरला. लाल डागातून रेघा निघाल्या होत्या आणि त्यांतली सर्वांत जाड कॅम्पाकडे गेली होती.

"सर, आपण जे जातात त्यांनाच मोजत बसलो," ती म्हणाली. "जे जाऊ शकत नाहीत ते कुठेच दिसत नव्हते. बस त्यांनाच तर हवी असते."

आहेरांनी हेतूचा रकाना पाहिला. सगळीकडे 'इतर' होतं. या वेळी त्यांनी हरकत घेतली नाही.

साहेबांनी लगेच मान्यता दिली नाही. साहेब लगेच मान्यता देत नसतात. पण निकिताने चिकाटी सोडली नाही, आणि गोदाश्री कॉलनी ते देवळाली कॅम्प, पेठनाका-निमाणी-नाशिकरोडमार्गे, अशी बस थोड्या दिवसांच्या चाचणीवर मिळाली. माणसं चढली तर बस राहील, नाहीतर पुन्हा बाकडी. मोजणीसाठी कॉलनीचा प्रतिनिधी म्हणून पुन्हा आहेरच. 'चढणारे-उतरणारे मोजायला दुसरं कोणी रिकामं नाही,' असं कॉलनीने सांगितलं.

बस आली त्या सकाळी बाकड्यांवर बसायला जागा नव्हती. ठेवणीतल्या साड्या, पिशव्या, डबे. चिमाजींनी रांग लावली आणि या वेळी शिट्टी खरोखरच वाजवली. गोजराबाईंनी झेंडू मुलाच्या हवाली केले होते आणि नातवासाठी घुंगरांचा वाळा बांधून घेतला होता. दीपमालाबाईंच्या हातात अक्काला आवडणाऱ्या कोथिंबीर वड्यांचा डबा होता. पायरी उंच होती. आहेरांनी कोपराला हात दिला तेव्हा त्या पुटपुटल्या, "येते हं." त्यांनी मान हलवली. खरं म्हणजे त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. बस भरून गेली, आणि आहेरांनी मन लावून चढलेली सगळी डोकी नोंदवली.

घोळ परतीला झाला. दुपारची बस आली, कॉलनीचं कोणी उतरलं नाही. त्यापुढची आली, तीही मोकळीच. गेलेल्यांचे आकडे एका बाजूला रकाना भरून बसले होते आणि आलेल्यांच्या बाजूला भोपळा. प्रत्येक प्रवासाला परतीचा प्रवास असतो, हे आहेरांच्या शास्त्राचं पहिलं पान. ते पानच फाटलं होतं. हळूहळू फोन येऊ लागले. आईने ठेवून घेतलं. लेक सोडत नाही. जीप उद्या आहे. दीपमालाबाईंचाही आला. "अहो, अक्काने हात धरून ठेवलाय. मी राहते. कुकर लावून घ्या, एवढा एक शिट्टीचा भात तुम्हाला येतो." त्या दिवशी संध्याकाळी बाकड्यांवर नुसते पुरुष बसले होते आणि निमाणी आलं का असं कोणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला पुन्हा गर्दी. या वेळी नवरे होते. भात करून कंटाळलेले, किल्ल्या न सापडलेले, कोणी 'सहज बघून येतो' म्हणणारे. मोजणी चिमाजींवर सोपवून आहेरही चढले. परतीचे आकडे का जुळत नाहीत याची जागेवर चौकशी करणं प्रतिनिधीचं कर्तव्यच होतं.

कॅम्पातल्या त्या बैठ्या घराच्या ओट्यावर ऊन आलं होतं. चंद्रभागाअक्का पलंगावरून उठून खुर्चीत बसली होती, तिचे केस नुकतेच विंचरलेले दिसत होते, आणि दोघी बहिणी सुपात मटार सोलत होत्या. अक्का काहीतरी मोठ्याने सांगत होती. दीपमालाबाई हसत होत्या. त्या असं हसताना आहेरांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ते फाटकातच थांबले.

"आलात होय," दीपमालाबाई म्हणाल्या. "मला वाटलं कालच याल."

"परतीचा आकडा जुळत नाही म्हणून आलो."

"नाही जुळायचा. मी अजून दोन दिवस आहे."

"उभे काय, धोंडीराव?" अक्का म्हणाली. "बसा. सुपात हात घाला."

आहेर ओट्यावर बसले. शेंग हातात घेतात तोच फोन वाजला. निकिता होती, आणि खुशीत होती. "सर, दोन्ही दिवसांचे आकडे बघून साहेबांनी चाचणी संपायची वाट न बघताच बस कायम केलीय. फक्त परतीचा रकाना अजून रिकामा दिसतोय. आजच्या शेवटच्या बसला कॉलनीचे किती धरू?"

आहेरांनी एकदा अक्काकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"आज कोणी नाही," ते म्हणाले. "आणि मॅडम, मलाही धरू नका."